बाळंतिणीसाठी अ‍ॅप काढतेय, पण पहाटे तीनला ते उघडणार कोण?

जागरणवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. बाळ सात महिन्यांचं आहे. पोटात असताना माझी तपासणी आधी महिन्याला, मग पंधरवड्याला, शेवटी दर आठवड्याला व्हायची. वजन, रक्तदाब, लघवी, काही सुटायचं नाही. बाळ झालं आणि सगळ्यांच्या माना एकदम पाळण्याकडे वळल्या. मला सांगितलं, "सहा आठवड्यांनी दाखवायला या." मधल्या काळात टाके दुखताहेत ते भरताहेत म्हणून की पिकलेत म्हणून, अंगावरून इतकं जाणं बरोबर आहे का, बाळाच्या पोटात दूध जातंय की ते नुसतंच चोखतंय, हे सगळं मी पहाटे तीन वाजता एका हाताने गूगलला विचारलं. गूगलकडे दोनच उत्तरं असतात: काही झालेलं नाही, किंवा आता काही खरं नाही.

तर मी आणि माझी एक मैत्रीण (ती डिझायनर आहे) मिळून स्टार्टअप सुरू करतोय. पहिली आवृत्ती तयार आहे. दूध कधी पाजलं, किती वेळ, कुठल्या बाजूने, शी-शू किती वेळा, झोप किती, आईचा मूड पाच चेहऱ्यांपैकी एक. या सगळ्याचे आलेख. दर पंधरा दिवसांनी नैराश्याची एडिनबरा प्रश्नावली. शंका विचारायला चॅटबॉट, आणि आयांचे गट.

नऊ जणींना वापरायला दिलं. चौथ्या दिवशी दोघी उरल्या. कुठे चुकतंय? मोकळेपणाने सांगा.

कोरीपाटी

अभिनंदन. आता खवचटपणे विचारतो. बाळंतिणीकडे कमी काय असतं? झोप. आणि तुम्ही तिला काय देताय? भरायला फॉर्म. सात जणी सुटल्या यात नवल नाही, दोघी टिकल्या कशा ते विचारा.

जागरणवाली

कोरीपाटी, लागलं. पण त्या दोघींपैकी एक माझी बहीण आहे, त्यामुळे तुमचं म्हणणं आणखीच खरं ठरतं.

बाबा_नंबर_दोन

आलेखांवर माझा अनुभव. आमच्याकडे असंच एक नोंदींचं अ‍ॅप होतं. पहिले दोन आठवडे बायकोने मन लावून भरलं. मग एका रात्री ती रडत होती. कारण काय, तर अ‍ॅपने सांगितलं, "काल आठ वेळा पाजलंत, आज सहाच वेळा नोंद आहे." बाळ मजेत होतं. दोनदा पाजताना ती बसल्या बसल्या झोपली होती, म्हणून नोंद राहिली. मी अ‍ॅप काढून टाकलं आणि कागदावर पेन्सिलीने रेघा मारायला लागलो. रेघा मी मारायचो, ती नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

लेबररूमसिस्टर

ताई, थोडं मोठं लिहिते, रात्रपाळी आत्ताच संपलीय.

तुम्हाला "सहा आठवड्यांनी या" सांगितलं ना, मूळ चूक तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे की पहिले २४ तास सोडून आईची किमान तीन वेळा गाठ पडायला हवी: ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, मग ७ ते १४ दिवसांत, आणि मग सहाव्या आठवड्यात. सहावा आठवडा हा शेवटचा थांबा आहे, आपण त्यालाच पहिला करून ठेवलाय. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर त्याआधीच, २०१८ मध्ये, अशाच धर्तीवर सांगितलं होतं, पहिला संपर्क तीन आठवड्यांच्या आत हवा आणि सविस्तर तपासणी १२ आठवड्यांपर्यंत पूर्ण व्हावी. तुमच्या अ‍ॅपला काही करायचंच असेल तर ही मधली पोकळी भरून काढा. आलेख नकोत.

आता रक्तदाब. बाळ झालं की तो उतरतोच असं सगळ्यांना वाटतं, शिकलेल्यांनाही. प्रत्यक्षात तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमाराला तो सगळ्यात वर जातो, आणि तोवर बहुतेक जणी घरी गेलेल्या असतात. एक जण आठवतेय. पाचव्या दिवशी बाळाची कावीळ तपासायला आली होती. बाळ वजनकाट्यावर, आणि ही भिंतीला टेकून डोळे मिटून उभी. मी सहज विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय, झोप नाही ना." तिच्यासाठी कुणी आलंच नव्हतं, सगळे बाळासाठी आले होते. मी पट्टा बांधला: १६८/११२. गरोदरपणात तिचा एकही आकडा वर गेला नव्हता. तासाभरात तिला भरती करून घेतलं. वाचली. पण बाळाची कावीळ नसती तर ती आली असती का?

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका संघटनेने धोक्याच्या नऊ खुणांची यादी केलीय, 'पोस्ट-बर्थ' (POST-BIRTH) नावाची, इंग्रजी नावाचं एकेक अक्षर म्हणजे एकेक खूण. छातीत दुखणं, धाप, झटके, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार: यातलं काही असेल तर थेट आपत्कालीन मदत. तासाला एक पॅड भिजणं किंवा अंड्याएवढी गाठ पडणं, जखम न भरणं, एका पायाला लाली-सूज-दुखणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, न थांबणारी किंवा डोळ्यांसमोर काजवे चमकवणारी डोकेदुखी: यात लगेच डॉक्टरला फोन, आणि फोन लागला नाही तर थेट रुग्णालय. ही यादी तुमच्या अ‍ॅपमध्ये कुठे आहे?

जागरणवाली

'माहिती' या टॅबमध्ये, तिसऱ्या पानावर. शरमून लिहितेय.

दवबिंदू

मी समुपदेशक आहे, त्यामुळे प्रश्नावलीपुरतंच लिहिते.

एडिनबरा प्रश्नावली १९८७ ची आहे. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की या तिघांनी केलेली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त ३०, आणि विचारायचं ते मागच्या सात दिवसांबद्दल. आधी एक कोरडी गोष्ट: तिचे हक्क राखीव आहेत. डॉक्टरने आपल्या कामापुरती छायाप्रत काढणं वेगळं आणि ऑनलाइन प्रसिद्ध करणं वेगळं, त्याला लेखी परवानगी लागते. ती घेतलीत का?

दुसरी गोष्ट. ही चाळणी आहे, निदान नाही. कुठे १० पासून पुढे धोका धरतात, कुठे १३ पासून. २०२० साली बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा ११ हा आकडा सर्वांत समतोल निघाला. भाषा बदलली की तोही नव्याने तपासावा लागतो. म्हणून आईला पडद्यावर नुसता आकडा दाखवू नका. तिला तो परीक्षेचा निकाल वाटतो.

आता माझा खरा प्रश्न. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण बेरीज कितीही कमी असो, त्या प्रश्नाला 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर त्याच वेळी माणसाने तिच्याशी बोलायला हवं. समजा, रविवारी पहाटे पावणेतीनला एकीने तिथे "हो, बऱ्याचदा" निवडलं. तुमचं अ‍ॅप त्या क्षणी काय करतं?

जागरणवाली

थांबा, करून बघते.

जागरणवाली

केलं. सगळीकडे सौम्य उत्तरं दिली आणि दहाव्याला "हो, बऱ्याचदा" निवडलं. पडद्यावर आलं: "छान! तुम्ही चाचणी पूर्ण केलीत. पुढची चाचणी १४ दिवसांनी." आणि वरून रंगीत कागदाचे कपटे पडले. कुठलाही फॉर्म पूर्ण झाला की ते पडतात, मीच लिहिलाय तो कोड. मैत्रिणीला फोन करून प्रश्नावली आत्ता बंद केलीय. नऊजणींपैकी कुणी ते उत्तर दिलं होतं का ते आधी पाहिलं. नव्हतं. हात अजून थरथरताहेत.

दवबिंदू

बंद केलंत ते बरं केलंत, पण कायमची काढू नका. विचारायलाच नको असं नाही. विचारलं की उत्तर ऐकायला कुणीतरी हवं, इतकंच. ते माणूस आधी नेमा, मग प्रश्न विचारा.

आणि तुमच्या मूडच्या पाच चेहऱ्यांबद्दल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड, मिनिटात हसू-मिनिटात आसू हे बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ते ओसरलं नाही, किंवा बाळ झोपलेलं असूनही आईला झोप लागेना, बाळाकडे बघून काही वाटेना, तर गोष्ट वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभरात बाळंतपणानंतर साधारण १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. आणि हजारात एखाद-दुसरीला होतो तो प्रसूतीनंतरचा मनोविभ्रम. त्यात भास, संशय, तीन-तीन दिवस झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह. अशी बाई तुमच्या मूडच्या चेहऱ्यांतला सगळ्यात हसरा चेहरा निवडेल! तो आणीबाणीचा प्रसंग असतो, आणि तो ओळखतो घरातला माणूस. अ‍ॅपला त्यातलं काही कळणार नाही.

निळीशाई

मी त्या १३ टक्क्यांतली. आयडी नवीन घेतलाय, कारण उघड आहे.

मला अशीच प्रश्नावली मोबाइलवर आली होती. मी खोटी उत्तरं दिली. फोन दोघांचा एकच होता, आणि पुढचा प्रश्न उघडताना नवरा शेजारून विचारत होता, "काय आलंय?" तो वाईट माणूस नाही, पुढे त्यानेच मला दवाखान्यात नेलं. पण त्या क्षणी मी सगळीकडे "अजिबात नाही" दाबलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

खरं उत्तर मी कुणाला दिलं सांगू? बाळाच्या लसीच्या वेळी एका नर्सने बाळाकडे न बघता मला विचारलं, "आणि तू कशी आहेस?" बाळ तिच्या हातात होतं, माझे दोन्ही हात मोकळे होते. बहुतेक सात आठवड्यांत पहिल्यांदाच. मी तिथेच रडले.

म्हणून एक सुचवते. कोणता प्रश्न कधी विचारायचा हे ठरवताना फोन कुणाच्या हातात आहे ते धरून चाला. सूचनेच्या ओळीत "नैराश्य" हा शब्द येऊ देऊ नका. आणि "आत्ता नको, उद्या अकराला फोन करा" असं एक बटण द्या. मी ते दाबलं असतं.

कोरीपाटी

निळीशाई, लिहिलंत त्याबद्दल आभार. माझा खवचटपणा मागे घेतो. फॉर्मबद्दलचा नाही, बाकीचा.

सर्व्हरडाऊन

मी आरोग्याशी संबंधित दोन स्टार्टअपमध्ये काम केलंय, त्यातलं एक बुडालं. धंद्याची बाजू मांडतो.

एक चांगली बातमी आधी. अ‍ॅप नसतानाही हे काम होतं याचा पुरावा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रयोग, २०१८ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या २०६ बायका घेतल्या. निम्म्यांना नेहमीसारखं तपासायला बोलावलं. निम्म्यांना घरी रक्तदाबाचं यंत्र दिलं आणि रोज दोनदा साधा एसएमएस केला: आकडा पाठवा. पहिल्या दहा दिवसांत बोलावलेल्यांपैकी जेमतेम ४४ टक्क्यांचा रक्तदाब नोंदला गेला, एसएमएसवाल्यांपैकी ९२ टक्क्यांचा. ना लॉगिन, ना आलेख. आणि आकडा वर गेला की पलीकडे डॉक्टर होता. तसंच दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याचं 'मॉमकनेक्ट', २०१४ पासून साध्या फोनवरच्या संदेशांवर उभं आहे. तुम्हाला अ‍ॅपच का हवंय, याचं उत्तर स्वतःला द्या. "गुंतवणूकदाराला दाखवायला" हे उत्तर असेल तर तेही प्रामाणिकपणे द्या.

आता गुंतवणूकदार. तो पहिल्या बैठकीत विचारेल, रोज किती जणी उघडतात? हा आकडा या कामात उलटा आहे. बाई बरी झाली की ती उघडायचं बंद करणार, करायलाच हवं. तुमचं गिऱ्हाईक वर्षभरात संपतं आणि तुम्हाला दर महिन्याला नवीन शोधावं लागतं. आमचं एक स्टार्टअप याच आकड्यापायी बुडालं. "रोज परत येतील असं काहीतरी" म्हणून आम्ही इतकी सूचनांची घंटा वाजवली की लोकांनी आवाज बंद केला, आणि मग महत्त्वाची सूचनाही गेली.

पैसे आईकडून घेऊ नका, तिला पहिल्या महिन्यात काय हवंय हे पुढच्या महिन्यात कळतं. रुग्णालय, विमा कंपनी, नोकरी देणारी संस्था, सरकार, यांपैकी कुणाचा खर्च तुमच्यामुळे वाचतो ते शोधा. बाई पुन्हा भरती झाली नाही यात ज्याचे पैसे वाचतात, तो तुमचा गिऱ्हाईक.

आणि हो, अ‍ॅप "तुम्हाला नैराश्य आहे" किंवा "रक्तदाबाची गोळी वाढवा" म्हणायला लागलं की ते वैद्यकीय उपकरण ठरतं, मान्यता घ्यावी लागते. ते अशक्य नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी 'मामालिफ्ट प्लस' या आठ आठवड्यांच्या डिजिटल उपचाराला परवानगी दिली, पण तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतो. तुम्ही आज त्या वाटेला जाऊ नका.

जागरणवाली

चॅटबॉटचं काय करू? त्यावर आमचे तीन महिने गेलेत.

लेबररूमसिस्टर

मी आत्ता त्याला विचारून पाहिलं. "टाक्यातून पिवळं येतंय, वास येतोय" असं लिहिलं. उत्तर छान होतं, स्वच्छता राखा, भरपूर पाणी प्या, काळजी वाटल्यास डॉक्टरांना भेटा. काळजी वाटल्यास? हिच्या बाबतीत वाटायलाच हवी. आज दाखवा, इतकंच लिहायला हवं होतं.

अंगावर पाजताना कुठलं औषध चालेल याचं उत्तर तर त्याने मनाने दिलं. त्यासाठी 'लॅक्टमेड' नावाचा मोफत माहितीसंग्रह आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर. त्यात बघून सांगा, नाहीतर सांगूच नका.

बाबा_नंबर_दोन

चॅटबॉट ठेवायचाच तर बाबाला द्या. गंमत नाही करत. मला रात्री हजार प्रश्न पडायचे आणि विचारायला कुणी नसायचं, मग मी ते तिलाच विचारायचो.

ओंजळ

एक प्रश्न, उत्तर लगेच नको.

माझं बाळ अकराव्या दिवशी गेलं. त्यानंतर पाच महिने मला दर आठवड्याला संदेश येत राहिले. "तुमचं बाळ आता सहा आठवड्यांचं झालं, ते तुमच्याकडे बघून हसतंय का?" बंद करायला सेटिंगमध्ये गेले तर कारण निवडायचं होतं: संदेश फार येतात, उपयोगाचे नाहीत, इतर. मी 'इतर' निवडलं.

मलाही टाके होते. मलाही पान्हा फुटत होता, आणि ते दूध कसं थांबवायचं हे कुणी सांगितलं नाही. मीही बाळंतीणच होते.

जागरणवाली

ओंजळताई, उत्तर लगेच देत नाही.

दवबिंदू

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. धागाकर्तीसाठी एवढंच: मॉमकनेक्टमध्ये बाळ गेल्याचं कळवलं की नेहमीचे संदेश थांबतात, आणि हवे असतील तर त्या दुःखासाठीचे वेगळे संदेश सुरू होतात. म्हणजे हे करता येतं.

सर्व्हरडाऊन

तांत्रिक भर. तुमच्या डेटाबेसमध्ये आई ही बाळाच्या जन्मतारखेला टांगलेली असणार. ते उलटं करा. आईची नोंद स्वतंत्र, प्रसूतीची तारीख तिची. बाळ शून्य, एक, दोन, कितीही असू शकतात, अतिदक्षता विभागात असू शकतं, दुसऱ्या गावी असू शकतं.

आणि माहिती विकू नका, फुकटची विश्लेषणाची साधनं जोडतानासुद्धा दहादा विचार करा. २०२१ साली पाळीची नोंद ठेवणाऱ्या एका लोकप्रिय अ‍ॅपला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे तडजोड करावी लागली, कारण बायकांची माहिती अशाच जोडलेल्या साधनांमधून जाहिरातवाल्या बड्या कंपन्यांकडे जात होती.

जागरणवाली

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय.

आलेख गेले. चेहरे गेले. कागदाचे कपटे तर त्याच रात्री गेले. आता उघडलं की पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात तीन मोठी बटणं दिसतात, कारण डाव्या हातावर बाळ असताना उजवा अंगठा तेवढ्याच भागात फिरतो (हे मी मैत्रिणीला उशी धरायला लावून मोजलं). पहिलं: "मला बरं वाटत नाहीये." त्यात सिस्टरची नऊ खुणांची यादी, एका वेळी एकच प्रश्न, आणि शेवटी तीनच उत्तरं: आत्ता निघा, आज दाखवा, उद्या आम्ही फोन करू. दुसरं: "मला कुणाशी तरी बोलायचंय", त्याच्या आत निळीशाईचं "आत्ता नको, उद्या अकराला". तिसरं: "काहीतरी बदललंय." त्यामागे काय असावं ते ओंजळताईंनी व्यनितून (खासगी संदेशातून) लिहून दिलं, आम्ही त्यातला एक शब्दही बदलला नाही. बाबांसाठी वेगळा दुवा, चॅटबॉट तिकडे हलवलाय आणि औषधांबद्दल त्याचं तोंड बंद केलंय.

आमच्याकडून चार फोन जातात: तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी रक्तदाबासाठी, दहाव्या दिवशी आणि सहाव्या आठवड्यात. फोन माणूस करतं. सध्या हे काम दोन सुट्टीवरच्या नर्स आणि एक समुपदेशक करताहेत. प्रश्नावली अजून बंदच आहे, परवानगीचं पत्र पाठवलंय.

नव्या अकरा जणींपैकी सहा जणींनी दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅप एकदाही उघडलं नाही. पण अकराही जणींनी फोन उचलले.

कोरीपाटी

म्हणजे शेवटी तुम्ही टेलिफोनचा शोध लावलात.

जागरणवाली

हो. आणि तो महागात पडतोय. दहा हजार जणींना फोन कोण करणार, हे गुंतवणूकदाराने विचारलंच. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दवबिंदू

सगळे तज्ज्ञ असायलाच हवेत असं नाही. पाकिस्तानात ग्रामीण भागातल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यातल्या आयांशी बोलायला लावलं होतं, २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या गटात २३ टक्के आया नैराश्यात होत्या, हे प्रशिक्षण नसलेल्या सेविकांच्या गटात ५३ टक्के. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पुस्तिका काढली, ती मोफत आहे. शिकवता येईल अशी माणसं शोधा, त्यांच्यावर देखरेखीला तज्ज्ञ ठेवा. सॉफ्टवेअरने कुणाला कधी फोन करायचा आणि कुणाचा राहिला, एवढं सांभाळावं. ते तुम्हाला जमेल.

जागरणवाली

हे उद्याच्या बैठकीत मांडते. तूर्त अडचण साधी आहे. दिवसाच्या पाळ्या भरल्यात. रात्री अकरा ते पहाटे सहा फोन घ्यायला आठवड्यातून चार रात्री माणूस आहे. उरलेल्या तीन रात्री "बोलायचंय" हे बटण आम्ही आपत्कालीन क्रमांकाकडे वळवतो, आणि ते मला पटत नाहीये.

लेबररूमसिस्टर

शुक्रवारी माझी रात्रपाळी नसते आणि सवयीने झोपही लागत नाही. ती रात्र मी घेते. नंबर व्यनि केलाय. दोनच अटी: कुणी फोन केला की आधी तिच्या प्रसूतीला किती दिवस झाले ते पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसू दे, आणि बाळाचं नाव दाखवू नका, आईचं दाखवा.

निळीशाई

मंगळवारी मी. शिकवाल ना?